डागी लाद्या

कल्याणला पारनाक्यावरच्या त्या भाड्याच्या बिऱ्हाडात स्वयंपाकघराला एकच झरोका होता, आणि उजेड तिथे यायचा तो घाईतल्या पाहुण्यासारखा. दुपारी घटकाभर टेकायचा आणि पाणीसुद्धा न घेता निघून जायचा. बाकी दिवसभर चुलीचा जाळ हाच दिवा. भिंती धुराने अशा काळवंडल्या होत्या, की काळं मांजर भिंतीशी बसलं तर त्याचे डोळे तेवढे दिसावेत.

त्या अंधारात माईंनी एका दुपारी आमटीत दोनदा मीठ घातलं.

पानावर त्यांच्या थोरल्या मुलाने, हरिहरने, भात जास्त कालवला. सुहासिनीने, म्हणजे हरिहरच्या बायकोने, पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. पण ते मीठ तिच्या जिभेवरून मनात उतरलं, आणि तेव्हापासून ती सासूबाईंकडे निरखून पाहू लागली. माई हल्ली तांदूळ निवडायला दारात बसत, आणि खडा डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधत. जिरं कुठलं, ओवा कुठला, हे वास घेऊन ठरवत. चिमट्याकडे गेलेला त्यांचा हात एकदा थेट निखाऱ्याशी पोचला, तेव्हा सुहासिनीने तो वरच्यावर धरला.

"माझ्या डोळ्यांना काही धाड भरलेली नाही," माई हात सोडवून घेत म्हणाल्या. "घर काळं आहे."

डॉक्टरचं नाव काढलं की त्या दिवशी माई जेवत नसत. म्हणून ते नाव पुन्हा निघालं नाही. पण 'घर काळं आहे' हे शब्द सुहासिनीने पदराच्या गाठीला बांधून ठेवले.

आईविना वाढलेली ती पोर, सोळाव्या वर्षी ह्या घरात आली होती. पहिल्या पहाटे जात्यावर बसली तेव्हा खुंट्यावर तिच्या हातावर माईंचा हात होता, आणि दोन फेऱ्यांत माईंनी तिच्या ओठांवर ओवी ठेवली होती. दळण संपलं तेव्हा पीठ जात्याभोवती होतं आणि आई समोर. आता त्या आईच्या डोळ्यांपुढे धूर साचत होता, आणि डोंबिवलीला नवं घर उभं राहत होतं. तेव्हा ते घर काळं असून चालणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. भिवा पाटील हा डोंबिवलीचाच आगरी शेतकरी. खाडीकाठच्या त्याच्या खाचरांपैकी एक तुकडा हरिहरने घेतला होता. जोत्याला चिरे लागले, भिंती चढल्या, कौलं पडली. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. स्वयंपाकघराची खिडकी सुहासिनीने हट्टाने पूर्वेला घेतली. छप्पर चढलं तेव्हा तिच्या हातातल्या पाटल्या आणि गोठ सोनाराकडे गेले होते. तिने त्याचं रडगाणं केलं नाही. मनगटांवर हिरव्या बांगड्या चढवल्या आणि जात्यावर गायली:

*डोंबिवलीच्या वाटेला, हिरवं हिरवं खाचर*
*तिथं मांडीन मी बाई, माझ्या माईसाठी घर*

एका रात्री जेवणं उरकल्यावर तिने विषय काढला. न्हाणीच्या भिंतींना आणि स्वयंपाकघरात चुलीमागे पांढऱ्या लाद्या लावायच्या, चकाकणाऱ्या, चिनी मातीच्या. हरिहर म्हणाला, चुना काय वाईट आहे, तोही पांढराच. त्यावर तिने सांगितलं, की चुना दिवाळीला पांढरा आणि शिमग्याला काळा. लादी ओल्या फडक्याने पुसली की जन्मभर दिवाळी.

माई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"न्हाणीत लावा हव्या तेवढ्या. स्वयंपाकघरात चिनी माती यायची नाही. त्या मातीत हाडं कुटून घालतात. कपबशी ह्या घरात ओसरीच्या आत आली नाही, ती उगाच? तसल्या भिंतीपुढे बसून मी नैवेद्य रांधणार नाही. तुम्ही जा तिकडे खुशाल. मी इथे बाळकडे राहीन."

बाळ म्हणजे हरिहरचा धाकटा भाऊ. तो आणि त्याची बायको प्रमोदिनी, दोघंही शाळेत शिकवत. दिवे लागेपर्यंत घरी कोणी नसायचं. माई मागे राहिल्या तर ह्याच काळ्या घरात, ह्याच निखाऱ्यांपुढे, एकट्या. सुहासिनीच्या डोळ्यांपुढे तो चिमटा आला आणि तो हात आला.

"बरं, माई," ती म्हणाली.

हे 'बरं' म्हणजे हो की नाही, हे हरिहरला बारा वर्षांच्या संसारात कधी कळलं नव्हतं. बाहेर ओसरीवर त्याने हळूच विचारलं, की म्हणजे लाद्यांचं रद्द ना? ती म्हणाली, रविवारी ठाण्याला जायचंय, लवकर उठा. मग माईंचं काय? त्यावर ती हसली. माईंनी बोललेला शब्द मागे घेतल्याचं कल्याणात कोणी पाहिलं नव्हतं, तेव्हा त्यांना मागे या म्हणण्यात अर्थ नव्हता. त्यांना पुढे यायला वाट करून द्यायला हवी होती. ती वाट कुठून जाते हे सुहासिनीला अजून ठाऊक नव्हतं. पण वाट आहे, ह्याबद्दल तिच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. आधी लाद्या, मग वाट.

ठाण्याच्या बाजारपेठेत कानजीशेठचं दुकान होतं. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि विलायती लादी कागदातून अशी सोडवली, जशी नवी नवरी गाडीतून उतरवावी. लादी खरोखर देखणी होती. भाव ऐकून हरिहरने चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसत राहिला. मग शेठनी देशी लादी दाखवली. तिचा भाव ऐकून हरिहरने पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. मग सिमेंटच्या, नक्षीच्या लाद्या निघाल्या, लाल-हिरव्या. त्या परवडण्यासारख्या होत्या, पण सुहासिनीने मान हलवली. तिला नक्षी नको होती. तिला उजेड हवा होता.

बोलता बोलता तिची नजर मागच्या दारातून अंगणात गेली. तिथे भिंतीकडेला गोणपाटाखाली काहीतरी रचलेलं होतं, आणि गोणपाट जिथे फाटलं होतं तिथून ऊन परत फिरून डोळ्यांवर येत होतं.

ते काय, असं तिने विचारलं.

"तो डागी माल आहे, बाई. भट्टीत डाग पडलेला. कोणाला ठिपका, कोणाचा कोपरा उडालेला. तुमच्यासारख्यांच्या कामाचा नाही."

"शेठ, आमच्यात डाग म्हणजे दागिना," सुहासिनी उठत म्हणाली. "माझे डाग मोडून मी घर बांधलंय. आता तुमचे डाग कसे आहेत ते बघू द्या."

कानजीशेठ मोठ्याने हसले आणि त्यांनी गोणपाट दूर केलं. सुहासिनीने पदर खोचला आणि ढिगापुढे उकिडवी बसली. मडकं घेताना बायका जशा वाजवून घेतात, तशी एकेक लादी डाव्या तळहातावर तोलून ती उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवू लागली. तडा गेलेली भद्द बोले, ती उजवीकडे. धड असलेली टण्ण बोले, ती डावीकडे. डावीकडची रास वाढत चालली. कोणावर तांबूस ठिपका, कोणावर काळा तीळ, कोणाच्या कडेला जराशी लहर. पण आवाज खणखणीत.

आणि मध्येच ती थांबली. तीच लादी तिने कानाशी धरून पुन्हा वाजवली. टण्ण.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. दर वर्षी चैत्रात कैऱ्या आल्या, की माई त्यांची लोणच्याची बरणी धुऊन, उन्हात वाळवून पुढ्यात घेत आणि कुठे केसाएवढी चीर गेली आहे का ते पेराने वाजवून बघत. सासूकडून आलेली ती बरणी. खांद्याला तपकिरी, पोटाला दुधासारखी पांढरी. लोणचं माई ओल्या सोवळ्याने घालत. त्या बरणीवर कोणाची सावली पडलेली त्यांना खपत नसे. चाळीस वर्षं ती बरणी चुलीच्या उजव्या हाताला, ऐन सोवळ्यात, राणीसारखी बसलेली होती. आणि ती कशाची होती, हे आजवर कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. माईंच्याही नाही.

"शेठ, लोणच्याच्या बरण्या कशाच्या करतात हो?"

"अशाच मातीच्या, बाई. वरची चकाकी पण तशीच. गोल केली की बरणी, सपाट केली की लादी."

"आणि हाडं?"

"हाडं साहेबलोकांच्या पातळ कपात घालतात, विलायतेला. लादीत कोण घालेल? हाडं काय फुकट येतात?"

सुहासिनी जमिनीवर बसल्या बसल्या इतकी खुदकन हसली, की हरिहरला वाटलं हिला ऊन लागलं. वाट सापडली होती. ती कल्याणच्या त्यांच्याच स्वयंपाकघरातून निघत होती.

मग भाव ठरला. निवडलेल्या लाद्यांचा भाव शेठनी वेगळा सांगितला, तेव्हा ती म्हणाली, निवडून नको, रास सगळी नेते. तुटक्यांचे तुकडे न्हाणीच्या कोपऱ्यांना लागतील. तुमचं अंगण मोकळं होईल, पावसाळ्याआधी शेवाळ काढायची मजुरी वाचेल, ती आमच्या भावातून कमी करा. शेठनी हरिहरकडे दाद मागावी तसं पाहिलं. हरिहरने चष्मा काढला. शेवटी शेठ म्हणाले, बाई, तुम्ही माझ्या दुकानात बसा आणि मी घरी जाऊन लोणचं घालतो. सौदा झाला. न्हाणीच्या जमिनीसाठी मात्र तिने चकचकीत काही घेतलं नाही. खडबडीत टाकी मारलेली शहाबादी फरशी घेतली. ओला पाय त्या फरशीला धरून राहील असं तिने नवऱ्याला सांगितलं. कोणाचा पाय, ते सांगितलं नाही.

भिवा पाटलाची रेतीची होडी ठाण्याला रिकामी होऊन परत फिरायची. त्या होडीतून, भाताच्या पेंढ्यात निजवून, लाद्या खाडीवाटे डोंबिवलीच्या मोठागाव बंदराला आल्या. भिवाची बायको सगुणा तिथे बैलगाडी घेऊन उभी होती. तिने पेंढा बाजूला करून पाहिलं आणि गालावर हात ठेवला.

"गो बाय, ही त मिठाची रास आनलीस," ती म्हणाली. "माजी आजी मिठागरान कामाला व्हती. ती सांगाची, चांदन्यान मिठाचे राशीशी बसला त दिवा लागं नाय."

सुहासिनीला ते इतकं आवडलं, की तिने सगुणाला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

गवंडी जुना होता आणि त्याचं मत होतं, की डागी लाद्या खाली, दाराआड, जिथे नजर जाणार नाही तिथे लपवाव्यात. सुहासिनीने ऐकलं नाही. तिने अंगणात सगळ्या लाद्या मांडल्या आणि ठिपक्यांची रांगोळी काढावी तशी ती वाकून, मागे सरून, पुन्हा वाकून त्यांच्या जागा बदलत राहिली. ठिपका ठिपक्याच्या ओळीला आला, लहरीला लहर मिळाली. गवंड्याने विडी विझवली आणि म्हणाला, बरं, तुमच्या मनासारखं. चुलीमागची भिंत ओट्यापासून बसल्या माणसाच्या डोईच्या वर हातभर आणि इकडे थेट दाराच्या चौकटीपर्यंत पांढरी झाली. चुलीच्या उजव्या हाताला तिने एक कोनाडा ठेववून घेतला. माई देवळात गेल्या होत्या तेव्हा तिने कल्याणला बरणीचं माप घेतलं होतं: उंचीला दोन विती आणि वर चार बोटं. लाद्या बसत होत्या आणि ती सिमेंटच्या पाट्यांच्या तालावर गुणगुणत होती:

*सोन्याचे गं माझे डाग, गेले सोनाराच्या घरी*
*डागाचीच आली लादी, माझ्या चुलीच्या शेजारी*

माघात वास्तुशांत ठरली. माई दिवसापुरत्या यायला तयार झाल्या, तेही मुलाच्या घराला आशीर्वाद हवा म्हणून. नैवेद्य सुहासिनीने रांधावा, आपण ओटीवर बसू, संध्याकाळी बाळबरोबर परत, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण लोणच्याशिवाय नैवेद्याचं पान पुरं कसं व्हायचं? आणि बरणी दुसऱ्या कोणाच्या हाती देणं तर ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. प्रवासात सोवळं मोडतं, पण तेलात बुडालेल्या लोणच्याचं मोडत नाही, असं माईंचं शास्त्र होतं. त्या शास्त्राच्या आधारे बरणी डोंबिवलीपर्यंत माईंच्या मांडीवर बसून आली.

आल्यावर माईंनी नव्या न्हाणीत अंघोळ केली. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. पाय घट्ट टेकत आल्या, भिंत न चाचपता.

"न्हाणी बरी आहे," त्या म्हणाल्या. माईंच्या तोंडून 'बरी' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सोनं.

सोवळं नेसून, ओटीवर ठेवलेली बरणी त्यांनी पुसून उचलली. ओटी पाहुण्यांनी भरू लागली होती. आपली-परकी सतरा माणसं, पोरंटोरं, सगळ्यांची शिवाशिव. बरणी तिथे राहणं शक्यच नव्हतं. ती छातीशी धरून माई घरातून मागे आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबल्या.

पूर्वेच्या खिडकीतून खाचरांवरचं ऊन आत आलं होतं. ते पांढऱ्या भिंतीवर पडत होतं आणि तिथून सगळ्या खोलीभर सांडत होतं. भांड्यांवर, ओट्यावर, ओट्यापुढे पाटावर बसलेल्या सुहासिनीच्या केसांवर. ती पुरण हाटत होती. सासूबाई दारात आल्याचं तिला पावलांवरून कळलं होतं. तिने मान वर केली नाही. हातातला डाव मात्र एकदा चुकला. इतके दिवस तिला कसली भीती वाटली नव्हती; ती ह्या क्षणी वाटली. माई आता वळल्या, तर संध्याकाळच्या गाडीने थेट त्या काळ्या घरात जाणार होत्या.

माई उभ्याच होत्या. मग त्या सावकाश म्हणाल्या,

"सुहास, ओट्यावर मुंगळा आहे बघ. गुळाकडे निघालाय."

सुहासिनीने पाहिलं. गूळ तिच्या कोपराशी होता, आणि मुंगळा त्याच्यापासून चार बोटांवर. तिच्या स्वतःच्या लक्षात आला नव्हता. माईंनी तो उंबऱ्यावरून पाहिला होता.

"हो, माई," ती म्हणाली, आणि तिने मुंगळा अलगद उचलून खिडकीबाहेर सोडला.

माईंची नजर त्या भिंतीवरून, खिडकीवरून, सुहासिनीच्या हिरव्या बांगड्यांवरून हळूहळू फिरली, आणि ही भिंत कोणासाठी पांढरी झाली आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. मागून हरिहर आला. आईला दारात अडलेली पाहून त्याला वाटलं, आपण काहीतरी करायला हवं. "माई, त्या ठाण्याच्या शेठनी सांगितलं, की हाडं—" एवढं तो म्हणाला, आणि बायकोची नजर पाहून चष्मा काढून निघून गेला.

"ही बरणी कुठे ठेवायची?" माईंनी विचारलं. "बाहेर सगळा बाजार भरलाय."

"चुलीच्या उजव्या हाताला कोनाडा केलाय. बरणीच्या मापाचा."

"माप कोणी दिलं?"

"वितीने घेतलं."

माईंनी बरणी डाव्या हाताच्या कवेत घेतली आणि उजव्या हाताच्या पेराने ती वाजवली. टण्ण. मग तोच हात लांबवून त्यांनी चौकटीशेजारची लादी वाजवली. टण्ण. पुन्हा बरणी, पुन्हा लादी. शेजारच्या गावात राहणाऱ्या दोन बहिणींची ओळख पटवावी, तसा त्यांनी कान दिला. सुहासिनीचा डाव पुरणात थांबलेला होता.

"लबाड आहेस," माई म्हणाल्या.

"हो, माई."

"ही खोली तर बरणीच आहे गं. उलटी केलेली. चकाकी आतून."

"हो, माई."

"म्हणजे आत जाईल त्याचं लोणचं."

सुहासिनीने डाव पुन्हा पुरणात फिरवायला घेतला, कारण थांबली असती तर हसली असती, आणि हसली असती तर रडली असती.

"मग काय," माईंनी सोवळ्याचा ओचा सावरला, "मी आता मुरायला मोकळी." आणि त्यांनी उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

बरणी कोनाड्यात बसली, देव्हाऱ्यात देव बसावा तशी. माई सुहासिनीला सरक म्हणाल्या, पाटावर बसल्या, आणि पुरणाची चव न बघता नुसता रंग बघून म्हणाल्या, अजून दोन हात फिरव. मग त्यांची नजर चुलीमागच्या भिंतीवर गेली. त्या पुढे वाकल्या आणि पदराच्या टोकाने एक लादी घासू लागल्या.

"हे काय लागलंय? तिळाएवढं काळं. निघत नाही."

"तो डाग आहे, माई. भट्टीतला. म्हणून तर स्वस्तात मिळाल्या." सुहासिनीने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. "दिसला तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं?"

"मग असू दे. माझ्या डागांतला तेवढाच उरलाय."

माईंनी तिच्या मनगटांकडे पाहिलं, मग पुन्हा त्या ठिपक्याकडे. त्यांनी पदराचं टोक खाली सोडलं. तान्ह्या बाळाच्या गालावर ठेवावं तसं एक बोट त्यांनी त्या काळ्या तिळावर ठेवलं आणि क्षणभर तिथेच राहू दिलं.

"असू दे तर," त्या म्हणाल्या. "एवढं गोरं घर. त्याला तीट नको?"